रुमालाबाहेरचा हात

मी भित्री आहे. भित्र्या माणसानं दुसऱ्याला सल्ला देणारं यंत्र बनवू नये, असं मला आता वाटतं. पण त्या वर्षांत मी नेमकं तेच करत होते. मी मूळची अकोल्याची, अमरावतीला संशोधन करत होते. दोन माणसं दोन खोल्यांत, दोन संगणकांवर बसून सौदा करतील आणि प्रोग्राम दोघांनाही वेगवेगळा सल्ला देईल: आता हो म्हणावं की थांबावं, समोरचा अजून किती वाढेल. इलेक्ट्रॉनिक वाटाघाटी आणि निर्णय साहाय्य प्रणाली, असं त्याचं लांबलचक नाव. आई म्हणायची, "म्हणजे दलालीच ना?" मी चिडायचे.

चाचणीसाठी खरी माणसं हवी होती. म्हणून मोर्शीला संत्रेवाल्यांच्या एका बैठकीत मी पडद्यावर सगळं करून दाखवलं. पुरुष मागच्या मागे चहाला निघून गेले. एक बाई तेवढी बसून राहिली. पस्तिशीची असेल. तिनं एकच विचारलं.

"मॅडम, याच्यात हात नाई ना द्या लागत?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. संत्र्याचा बगीचा झाडावर फळं असतानाच विकला जातो, पण भाव तोंडानं बोलत नाहीत. बागवान, म्हणजे फळांचा व्यापारी, आणि बगीच्याचा मालक रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. परक्या पुरुषाचा हात ती कशी धरणार? नवरा गेल्यापासून तिचा सौदा दीर करायचा, आणि रुमालाखाली काय ठरलं ते दीर सांगेल तेवढंच तिला कळायचं.

नवरा कसा गेला, हे मी विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "साप चावून." मग जरा थांबून, "खरंच साप चावून." शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्याकडे विधवेला असं 'खरंच' म्हणावं लागायचं.

विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. दिराला झाडं तोडून तिथं पुढल्या वर्षी सोयाबीन पेरायचं होतं. शेवटी एवढं ठरलं की या वेळचा बहार तिनं स्वतः विकून दाखवावा. दसऱ्यापर्यंत सौदा झाला नाही तर दुसऱ्या दिवशी झाडांना कुऱ्हाड. झाडं तिनं आणि नवऱ्यानं मिळून लावलेली होती.

बागवान मोर्शीचाच, जुना आणि सभ्य माणूस. मशीनचं कौतुक म्हणून तो अमरावतीला आला. त्याला एका खोलीत बसवलं, तिला दुसऱ्या. पडद्यावर तीन बटणं होती: मान्य, अमान्य आणि पाहू. हे तिसरं बटण माझी खास कल्पना. परदेशी प्रोग्राममध्ये असलं काही नसतं, म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनीही पाठ थोपटली होती. पाहू म्हणजे बोलणं चालू आहे, असं मी प्रोग्रामला शिकवलं होतं.

बागवानाचा तिसरा भाव आला. प्रोग्राम म्हणाला, थांबा, समोरचा अजून वाढेल. तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

"दाबू?"

"दाबा ना," मी म्हणाले. तिनं 'पाहू' दाबलं.

पलीकडच्या खोलीत बागवानानं तो शब्द वाचला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि उठला. दारात मला म्हणाला, "नाई म्हनाचं होतं तं सीधं म्हनाचं, मॅडम. पाहू काहून?"

मी वऱ्हाडातली. माझ्याच घरी दोन स्थळांकडून 'पाहू' आलं होतं, आणि दोन्ही वेळा आईनं त्याच संध्याकाळी पत्रिका परत कपाटात ठेवली होती. आमच्याकडे पाहू म्हणजे नाही. हे पोराटोरांनाही माहीत असतं. मी एवढी शिकले आणि त्याच शब्दाचं बटण करून तिला दाबायला लावलं.

ती ओरडली नाही. "आता?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी. बागवानाला फोन केला तर तो म्हणाला, दुसरा बगीचा पाहून राहिलो. दसऱ्याला सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवसापासून तिचा मोबाइल बंद. मी सकाळी वर्तमानपत्र आलं की आधी जिल्ह्याचं पान उघडायचे आणि बोट ठेवून गावांची नावं वाचायचे. तिचं गाव नाही हे पक्कं झालं की मग चहा घशाखाली उतरायचा. मैत्रिणी विचारायच्या, काय शोधतेस? काय सांगणार? तीन सकाळी मी असं वाचलं. तिसऱ्या सकाळी चहा तसाच टाकला आणि मोर्शीची बस धरली.

गावात पोचले तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "सकाळीच बगीच्यात गेली. एकटीच." मी धावत सुटले. विहिरीच्या काठावर तिच्या चपला होत्या. फक्त चपला. वाकून आत पाहायचं होतं आणि मला पाहवेना. मी मोठ्यानं रडायला लागले.

"कोन हाय?" आतून आवाज आला. "रडते काहून? तो दोर धर ना जरा."

पाणी खाली गेलं म्हणून ती मोटारीचा पाइप खाली सरकवायला उतरली होती. मोबाइल पहिल्याच दिवशी याच कामात विहिरीत पडला होता. वर येऊन तिनं ओले हात पदराला पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि काय समजायचं ते समजली. हसली नाही. म्हणाली, "आली हायेस तं चाल आता. बागवानाच्या घरी जाऊ." मॅडमची मी 'तू' झाले होते.

जीपमध्ये मी हिय्या करून म्हणाले, "ताई, चूक माझी होती."

"मले मालूम हाय. म्हून तं तुले संग नेऊन राहिली. एकटीले भेव वाटते."

बागवान दारातच अवघडला. "भाबी, आता कसं..." म्हणू लागला. आतून त्याची म्हातारी आई म्हणाली, "तिले इकडं आन. माहा हात तं धरीन ना ते?" म्हातारी खाटेवर बसली होती. मुलाला जवळ बोलावून तिनं त्याचा भाव कानात ऐकून घेतला, त्याला बाहेर घालवलं आणि आपली ओढणी दोघींच्या हातांवर पसरली.

"पहिले शीक, बेटी. मंग सौदा." एकेक बोट दाबून तिनं शिकवलं. कोणतं बोट म्हणजे काय, दोनदा दाबलं तर काय. "नाई म्हनाचं असंन तं हात काढून घेजो. हात आत हाय तोवर बोलनं चालू."

"आन पाहू म्हनाचं असंन तं?" ताईनं विचारलं.

"पाहूचं बोट नसते."

सौदा सुरू झाला. ताईचा उजवा हात ओढणीखाली आणि डाव्या हातानं तिनं माझा हात धरलेला. दोघींचे चेहरे कोरे. पण माझ्या हाताला सगळं कळत होतं. मध्ये तिनं इतका दाबला की तिची नखं रुतली. मला वाटलं, आता ती उजवा हात काढून घेणार आणि झाडं जाणार. मी डोळे मिटून घेतले. या वेळी सल्ला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. बराच वेळ गेला. मग तिची पकड हळूहळू सैल झाली आणि म्हातारी म्हणाली, "मुबारक."

भाव किती ठरला ते तिनं सांगितलं नाही. माझ्या प्रबंधात तो रकाना कोराच आहे.

मोर्शीच्या स्टँडवर माझी बस लागली होती. हातावरच्या नखांच्या खुणा अजून दुखत होत्या. ती म्हणाली, "पुढल्या बहाराले येशीन? दुसरा हात धराले कोनी पायजे."

माझ्या तोंडात 'पाहू' आलंच होतं. ते गिळलं.

"येते," मी म्हणाले.