हावु आणि हूवु

दुसऱ्यांचं भांडण ऐकू नये म्हणतात. पण हेब्बाळच्या आमच्या क्वार्टर्सच्या भिंती पापडासारख्या, त्याला मी काय करणार? पलीकडे नंदकिशोर बायकोवर तडकले होते, “अगं, इतकी वर्षं झाली इथं, कन्नड शिकशील की नाही? आणि म्हणे बालवाडी काढते!”

“चार वर्षांच्या पोरांना चिंचोके चिकटवायला भाषा कशाला लागते हो?” हेमलता फणकारली.

मला हसू आलं. तिचंच पटलं.

बालवाडी निघाली, चाललीही छान. पाटीबिटी काही नाही. पानं, शेंगा, पिसं, माती. सगळ्यांनी मिळून एकच चित्र करायचं. ‘माझं’ म्हणेल त्यानं आपलं पान शेजारच्याला द्यायचं.

त्र्याण्णवच्या थंडीत तळ्याकाठी जुन्या चादरीवर मोर मांडला. नातू अर्णव त्यात, म्हणून मीही गेले, डिंकाची वाटी धरायला. पिसाऱ्याच्या डोळ्यांना फुलं कमी पडली, तशी पोरं शोधायला पांगली. माळ्याची निंगी घाणेरीच्या झुडपापाशी वाकली आणि ओरडली, “मिस, हावु!”

हेमलतानं मानसुद्धा उचलली नाही. “तगोंड बा!” म्हणाली. घेऊन ये.

कन्नडात हूवु म्हणजे फूल. हावु म्हणजे साप.

मी डिंकाची वाटी टाकून उठले. “अगं, साप—” म्हणेतो निंगीनं हात पुढं केलाही होता. गुणी पोर, मिसचं ऐकणारी. “हावु, मिस...” आता आवाज रडवेला. त्या आवाजानं हेमलतानं वर पाहिलं. फूल तोडणाऱ्या पोरीचं तोंड तसं नसतं. ती मोर तुडवत धावली, पोरीला दंडाला धरून मागं ओढलं आणि दोघी धपकन चिखलात बसल्या. झुडूप हललं. लांबडं काहीतरी सरसरत पाण्याकडं गेलं.

हेमलता पोरीचा दंड सोडेचना. निंगीच तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, “होय्तु मिस, होय्तु.” गेला, गेला.

मग मांडीवर बसून निंगीनं तिला शिकवलं, “हा-वु. हू-वु.” हेमलता म्हणत राहिली, पण ओठ जुळेनात.

मोर दुसऱ्या दिवशी ओट्यावर पुरा झाला. भीती मात्र तिच्या अंगातून निघाली नाही. दोरी पडलेली दिसली तरी पाय आखडायचा. पोरांना तिनं पुन्हा गवतात पाठवलं नाही. शाळेआधी स्वतः जायची, काठी आपटत. डांबरी रस्त्यावरही आपटायची! मी चिडवायची, “अगं, रस्त्याला कसलं बीळ?”

“असू दे काकू, भिऊन राहिलेलं बरं.”

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात ती झोपेतच गेली. आदल्या सकाळीही, “काकू, जाऊन येते हं,” म्हणून काठी आपटत तळ्याकडं गेली होती. गुलमोहराच्या शेंगांनी पिशवी भरून परतली, ओट्यावर त्या पसरल्या, किडक्या तेवढ्या बाजूला काढल्या, आणि कुकर लावायला आत गेली.