आत्याची मान

आत्या आळशी, हे आमच्या घरात कधीचंच ठरलेलं होतं. बाबांची ही थोरली बहीण. डोक्यावर भारा घेतला की मान दुखते, हातांना मुंग्या येतात म्हणायची, म्हणून सासरच्यांनी वर्षाच्या आत परत पाठवली. आमच्याकडेही भारा काही सुटला नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," बाबा म्हणत. मी तर म्हणायचे, हिची मान फक्त ताटाकडे वळते. सगळे हसत. माझ्या या तोंडाचा मला फार अभिमान होता.

१९९९ साली देवरूखच्या कॉलेजात असताना माझ्याच हातांना मुंग्या येऊ लागल्या. बाबांनी रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला.

"मानेचा पहिला मणका कवटीला जुळलाय. जन्मतःच. डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, मानेला हिसका बसू द्यायचा नाही. बरेचदा हे घरात एकट्यालाच असतं, पण काही घरांत वारशाने उतरतं. तुमच्याकडे आणखी कुणाची मान अशी आखूड आहे? असेल तर आणा, वेळेत तपासू."

खांद्यांत रुतल्यासारख्या आखूड मानेची आत्या डोळ्यांसमोर आली. पण येत्या रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. घराण्यात खोट आहे असं कळलं असतं, तर ते उंबऱ्यावरूनच फिरले असते. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

"कुणी नाही," मी म्हणाले.

एक्स-रे भाताच्या कणगीमागे गेला. भाजावळीचे, पेरणीआधी शेतात फांद्या पसरून जाळायचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी रानाच्या कडेला आत्या तोडलेल्या फांद्यांचा भारा बांधून उभी होती.

"जरा हात लाव गो. आज मान लय दुखताय."

"सोंगं पुरे," म्हणत मी तो भारा उचलला आणि माझ्या हातांनी तिच्या डोक्यावर ठेवला. आज हे लिहिताना स्वतःची किळस येते. त्या दिवशी नुसती घाई होती.

मे महिन्यात माझं लग्न झालं. तोवर आत्याच्या हातात चहाचा कपही ठरत नव्हता. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मुठीतून अक्षता गळून पायांशी पडत होत्या.

"बघा, चार तांदूळसुद्धा धरवत नाहीत बाईला," आई म्हणाली. मांडवात हशा पिकला. आत्या खाली वाकून एकेक दाणा वेचायला लागली, तिला ते जमेना.

त्या हशात माझा आवाज नसता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तरी मी हसले.