बिनऔषधाचा सदा

सदा गेल्याची बातमी आली तेव्हा मी नगरला शाळेत तासावर होते. प्रवरेच्या डोहात सापडला म्हणे. ज्याने कोल्हारच्या निम्म्या पोरांना पोहायला शिकवलं, तो बुडाला यावर माझा विश्वासच बसेना... महिना झाला, अजून बसत नाही.

माझ्या पाठचा हा एकुलता भाऊ. मोठा खट्याळ. माझ्या लग्नात वरपक्षाच्या चपला त्याने बैलांच्या गव्हाणीत लपवल्या होत्या. विशी ओलांडली आणि त्याचं हसणं आटलं. "अक्का, हळू बोल. भिंतीतली मानसं ऐकत्यात," म्हणत माझ्या तोंडावर हात ठेवायचा. आईने देवऋषी केले, अंगारे केले, तुंबडी लावून खराब रक्तही काढवलं. डॉक्टर तेवढा राहिला होता.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक डॉक्टर जीप घेऊन आले. मेंदूत सेरोटोनिन नावाचं द्रव्य असतं, नसलेले आवाज ऐकू येण्याच्या सदासारख्या आजारात ते नीट काम करतं का, हे त्यांना शोधायचं होतं. एक गोळी द्यायची आणि मग रक्तातली हार्मोन्स कशी वरखाली होतात ते पाहायचं. त्यासाठी कधीच औषध न घेतलेला रुग्ण हवा होता. सकाळभर त्यांनी थोडं थोडं रक्त घेतलं. सदा शहाण्यासारखा बसून राहिला. निघताना त्यांनी आजारावरच्या गोळ्या दिल्या आणि रोज द्यायला बजावलं.

पुढे मी माहेरी गेले, तर पुडी फळीवर तशीच! मी भडकलेच. आई शांतपणे म्हणाली, "रगत काढल्यावर चार दिस कसा निवांत झोपला. गोळ्या दिल्या तर डाक्टर परत रगत काढायचा न्हाई. त्याला बिनऔषिदाचाच मानूस लागतो." मी समजावलं, रडले, भांडले. माझ्यासमोर तिने एक गोळी दिली. मी नगरला परतल्यावर ती थांबली.

तेराव्यानंतर डॉक्टर आले, सदाला गोळ्या मानवल्या का ते विचारायला. मी सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसले. तेवढ्यात आई आतून आली आणि चोळीची बाही वर सारून त्यांच्यापुढे हात धरला.

"माझं रगत काढा, मला बी झोप न्हाई," म्हणाली. "म्या बी जलमात औषिद घेतलं न्हाई."

आता गावात कुठलीही जीप आली की ती ओट्यावर येऊन बसते, बाही वर करून.