उसाकडे जाणारा ठिपका

ड्रोन मी स्वतः जोडला होता, त्यामुळे तो नीट चालत नाही म्हणून दुसऱ्या कुणावर खापर फोडायची सोय नव्हती. आमची सोसायटी मांजरी गावात. विमानतळ जवळ, म्हणून इथे उडवायला बंदी. उडवायचा तो सुट्टीच्या दिवशी, सासवडच्या पुढे माळावर. घरी गच्चीत पंखे काढून नुसत्या चाचण्या. दोष एकच होता. कॅमेरा बंद असला की ड्रोनला उपग्रह सापडायचे आणि टॅबलेटवरच्या नकाशात त्याचा ठिपका आमच्या गच्चीवर गप्प बसायचा. कॅमेरा चालू केला की उपग्रह एकेक करून गळायचे आणि ठिपका चालायला लागायचा. ड्रोन माझ्यासमोर स्टुलावर, आणि ठिपका कंपाउंडची भिंत ओलांडून पलीकडच्या उसाकडे निघालेला.

कारण मला ठाऊक होतं. उपग्रहाचा संदेश इतका क्षीण असतो, की शेजारी कॅमेऱ्याची वायर कुजबुजली तरी तो ऐकू येत नाही. मग यंत्र अंदाजपंचे जागा सांगतं. पण अंदाज रोज वेगळा चुकायला हवा ना? हा रोज त्याच वाटेने, माणसाच्या चालीने जायचा आणि उसाच्या कडेला विजेच्या डीपीपाशी थांबायचा. मी इंजिनिअर आहे, असल्या गोष्टींना घाबरत नाही. फक्त चाचण्या एकटीने करणं टाळू लागले आणि बाबांना सोबत गच्चीत बसवू लागले.

बाबांचं विसरणं तेव्हा वाढलं होतं. आई गेली आहे हे त्यांना कधी आठवायचं, कधी नाही. दोघांची संध्याकाळची चक्कर ठरलेली असे, उसाच्या कडेने डीपीपर्यंत आणि परत. मग गच्चीत खुर्च्या टाकून चहा. बाबांना बुटांच्या नाड्या बांधायला युगं लागतात आणि आईला थांबायचा भारी कंटाळा. "मी होते पुढे, तुम्ही या," म्हणून ती निघायची आणि डीपीपाशी त्यांची वाट बघत उभी राहायची. कठड्याजवळची तिची खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्यावर आम्ही कुणी बसत नाही.

ठिपका भिंतीपलीकडे गेला तेव्हा बाबा टॅबलेटवर वाकून बघत होते. अगदी सहज म्हणाले, "झाली का ही पुढे?"

मी त्यांना वायर, कॅमेरा, उपग्रह, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझे बूट कुठे आहेत?"

त्यानंतर ते रोज माझ्याआधी गच्चीत हजर असायचे. चेहरा टवटवीत, जेवणही नीट. कॅमेऱ्याच्या वायरीची कुजबुज थांबवायला तिच्याभोवती गुंडाळायची तांब्याची पट्टी मी आणून ठेवली होती, पण ती लावायला हात धजेना.

एका संध्याकाळी गॅस सिलिंडरवाल्याने बेल वाजवली म्हणून मी खाली गेले. वर आले तर बाबा नव्हते. ठिपका डीपीपाशी पोचलेला होता. मी धावत सुटले. उसात बिबट्या दिसल्याचं सोसायटीत सगळेच बोलत होते, आणि आत शिरलेला माणूस दोन सऱ्यांपलीकडे दिसत नाही. बाबा डीपीपाशीच सापडले. एका बुटाची नाडी सुटलेली, तोंड उसाकडे. वारा अजिबात नव्हता, तरी समोरच्या एकाच सरीतली पानं सळसळत होती.

"हळू बोल," ते म्हणाले. "आत गेलीय. बोलावतेय मला."

मी त्यांचा हात घट्ट धरला आणि त्यांना परत आणलं. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी लावली. कॅमेऱ्याची वायर पुरती गुंडाळली, पट्टीचं टोक ग्राउंडच्या वायरीला जोडलं आणि जीपीएसची डबी एका काडीवर उंच, कॅमेऱ्यापासून लांब बसवली. हे करताना मला रडू आवरेना. ठिपका थांबला की बाबांना सगळं पुन्हा सांगावं लागणार होतं, आणि त्यांच्यासाठी आई पुन्हा पहिल्यांदा जाणार होती.

संध्याकाळी कॅमेरा चालू केला. एकही उपग्रह गळला नाही. ठिपका जागचा हलला नाही. बाबा बूट घालून बराच वेळ बघत राहिले. मी नकाशा मोठा केला. ठिपका स्टुलावर नव्हता, जरा बाजूला, कठड्याजवळ होता. एवढा फरक धरायचाच असतो, कुठलंही साधं जीपीएस तेवढं चुकतं.

बाबांनी ठिपक्याकडे पाहिलं, मग कठड्याजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे. खाली वाकून ते नाड्या सोडू लागले.

"आली," म्हणाले. "तिचाही चहा टाक."

मी खाली जाऊन तीन कप आधण ठेवलं.