दरीकडचे नट

लोणावळ्याच्या त्या हॉटेलात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझा जुना मालक आधीच खुर्चीत बसून चहा पीत होता. याच्याच वर्कशॉपात मी उमेदीची वर्षं वेल्डिंग केलं. माझी प्रत्येक युक्ती त्याने गिऱ्हाइकासमोर स्वतःची म्हणून खपवली, आणि मी वेगळा झालो तेव्हा "त्याचे जोड टिकत नाहीत" असं कामशेतपर्यंत पसरवलं. मी नमस्कार केला नाही.

काम होतं दरीच्या तोंडावरच्या गच्चीला रेलिंग बसवण्याचं. गच्चीच्या कडेचं लोखंडी चॅनल यानेच टाकलेलं. रेलिंगचे खांब त्याला बाहेरच्या अंगाने बोल्टने आवळायचे. बोल्ट आतून घालता येतो, पण नट पलीकडे, दरीच्या बाजूला. तो पान्याने धरायला माणूस हवा, आणि माणसाला उभं राहायला खाली धुक्याशिवाय काही नाही. परांची बांधायला जागाच नव्हती. म्हणून याने हात वर केले होते.

"एकही माणूस बाहेर न लटकता बसवतो," मी म्हणालो.

हॉटेलच्या मालकीणबाई हसल्या. "आणि नाही बसलं तर?"

"तर लोखंड, मजुरी, सगळं माझ्या अंगावर. बसलं तर खालच्या गच्चीचं कामही माझं. दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही."

"खालचं नंतर बघू."

"मग वरचंही नंतर बघा." मी उठलो आणि मुद्दाम हळूहळू पायऱ्या उतरू लागलो. तिसऱ्या पायरीवर हाक आली.

युक्ती साधी होती. नट शेडमध्येच खांबाच्या प्लेटमागे वेल्ड करून टाकायचे, म्हणजे धरायला कुणी नको. आतून बोल्ट फिरवला की झालं. मळवलीच्या माझ्या शेडमध्ये पहिला खांब केला. वेल्डिंगला सोपे म्हणून नट चौकोनी घेतले. माझ्याकडे भाजे गावचे एक भाऊ कामाला आहेत, वयाने माझ्याहून मोठे, तोंडाने त्याहून मोठे. आम्ही दोघांनी खांब हॉटेलवर नेला, दोरीने बाहेर सोडला आणि आतून बोल्ट घातले. वरचे दोन धरले. खालचे दोन काही केल्या धरेनात.

चॅनलची भोकं जुन्या मालकाने गॅसकटरने, नुसत्या अंदाजाने पाडली होती. एकही दुसऱ्यासारखं नाही. सुटा नट बोल्ट येईल तिथे सरकतो, वेल्ड केलेला कुठे सरकणार? मी बोल्टाला, चॅनलला आणि ते टाकणाऱ्याला शिव्या घातल्या.

"मालक," भाऊ म्हणाले, "शिव्या दिल्यानं त्यो बोल्ट वाकून आत जानार हाय व्हय?"

"गप बसा, भाऊ!"

"बसतो की. खांब धरून बसू का सोडून बसू?"

खांब परत शेडमध्ये आणला आणि खालच्या एका नटावर मी घण घातला. टाके तुटले, नट मोकळा झाला. फेकायला उचलला, पण चांगली वस्तू मी फेकत नाही. शेजारी रेलिंगच्या चौकोनी पाइपचा कापलेला तुकडा पडला होता, त्यात टाकला. तुकडा हलवला तर नट आत खुळखुळला. बोटाने फिरवू लागलो, तर फिरेना. चारी बाजूंना सरकतोय, पण फिरत नाही!

मी एवढ्याने ओरडलो की भाऊंना वाटलं, हात भाजला.

नट कोंडायचा, पण जखडायचा नाही. एवढंच होतं! प्लेटची भोकं बोल्टापेक्षा मोठी, नटापेक्षा लहान केली. प्रत्येक भोकामागे पाइपचा पेराएवढा तुकडा वेल्ड केला, आत नट सोडला आणि तो पडू नये म्हणून मागे पत्र्याची टोपी ठोकली. टोपीला बोल्टाचं टोक बाहेर यायला भोक ठेवलं. सगळे खांब तसेच केले. जेवणाची आठवण झाली नाही.

बसवायच्या दिवशी जुना मालक तमाशा बघायला हजर होता. पहिला खांब बाहेर सोडला. वरचे बोल्ट घातले, मग खालचा. बोल्टाचं टोक आत जरा चाचपडलं आणि पान्याखाली मला ती पकड लागली.

"धरला?" भाऊंनी विचारलं.

"धरला!"

"मग वराडताय कशाला, दरीत कोन बहिरं हाय का?"

दुसरा धरला. दुसरा खांब, तिसरा खांब. शेवटी मी पळत एका खांबाकडून दुसऱ्याकडे जात होतो. एकही माणूस बाहेर गेला नाही.

जुन्या मालकाने कठड्यावरून हात खाली घालून चाचपलं. "नट वेल्ड केलेत. माझ्याकडेच शिकला हा."

माझं डोकं तडकलं. ते वेल्ड केलेले नाहीत, कोंडलेले आहेत, हे अगदी ओठावर आलं. तेवढ्यात लक्षात आलं, याला कळलेलंच नाही. मी ओठ मिटले. आयुष्यात क्वचित मिटलेत.

मालकीणबाई म्हणाल्या, "खालची गच्ची तुमची. पण तिथली भोकंही अशीच वाकडी आहेत. मी ती आधी नीट करून घेते, म्हणजे तुम्हाला सोपं जाईल."

"नको, मॅडम," मी घाईघाईने म्हणालो. सरळ भोकांत वेल्ड केलेले नट यालाही बसवता आले असते. "हात लावू नका. आहेत तशीच राहू द्या."