कॉलिनचा मंगळवार

२०२४ साल होतं. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, तेव्हा मी न्यूझीलंडला गेलो. शाळा माझी चौथीपर्यंत. पण एसटी मी जन्मभर चालवली, तीही घाटात, त्यामुळे अडाणी म्हटलेलं मी खपवून घेत नाही.

आमचं गाव खाडीतल्या बेटावर. घरापासून जेटीपर्यंत लांब, उताराची वाट, आणि बायकोचे गुडघे गेलेले. मोतीबिंदू पिकलाय, पण दवाखाना खाडीपलीकडे. निघताना ती उंबऱ्यावरच थांबली. म्हणाली, "अख्ख्या तालुक्याला गाडीत बसवलंत. मला तेवढं जेटीपर्यंत नेता आलं नाही."

मुलगा तिकडे ईस्ट टामाकी नावाच्या भागात एका कारखान्यात इंजिनिअर आहे, सून सायली नर्स. एका मंगळवारी तिला सुट्टी होती, म्हणून तिने मला बोटीने जवळच्या छोट्या बेटावर नेलं. बेटाचं नाव माझ्या जिभेवर काही बसलं नाही. हिरव्या टेकड्या, त्यांवर मेंढ्या, आणि पाणी इतकं नितळ की राग यावा. बोटीवर वाऱ्याने माझी टोपी उडवली, ती त्याच पाण्यात गेली.

धक्क्यावर एक पांढरी व्हॅन उभी होती. चालवणारा माझ्याच वयाचा, पायात जँडल (रबरी चपला). "किया ओरा!" म्हणाला, म्हणजे रामराम. त्याचं नाव कॉलिन.

"बाबा, ही इथली बस," सायली म्हणाली.

"ही? ही तर वऱ्हाडाची गाडी."

गाडी सुटली. एका फाटकाशी एक म्हातारी उभी होती, माझ्या बायकोइतकीच वाकलेली. तिने नुसता हात केला. गाडी थांबली. कॉलिनने उतरून पायाखाली लाकडी पाट ठेवला, तिला हाताला धरून वर घेतलं. ती डॉक्टरकडे निघाली होती. मध्येच डेअरीपाशी (तिकडे किराण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात, गोठ्याचा संबंध नाही) गाडी थांबवून तिने पावही घेतला. उतरताना ड्रायव्हरला "थँक्यू" म्हणाली. मला एवढ्या नोकरीत कुणी म्हटलं नव्हतं. हेवा वाटला, ते मी लपवत नाही.

"वळणावर गियर उशिरा टाकतो हा," मी म्हणालो.

"हे मी त्यांना सांगणार नाही हं, बाबा."

पण माझा पाय प्रत्येक वळणावर, खाली ब्रेक असल्यासारखा, दाबला जात होता. कॉलिनने आरशात ते पाहिलं आणि हसला. "ड्रायव्हर का?"

सायलीला मध्ये घालून आम्ही बोललो. मी विचारलं, ही गाडी सरकारने दिली का? तो म्हणाला, कितीतरी वर्षं मागितली, पण माणसं थोडी म्हणून मिळाली नाही. मग बेटावरच्यांनी जुनी व्हॅन आणली आणि निवृत्त माणसांनी वार वाटून घेतले. त्याचा मंगळवार. आम्हीही एसटीच मागत आलो होतो. तीसुद्धा लाल, मोठी, पाटीवर गावाचं नाव असलेली. कुणी टमटम सुचवली, तेव्हा मीच भर सभेत नाही म्हटलं होतं.

"तुमच्या बेटावर कोण चालवतं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही."

"पण तुम्ही ड्रायव्हर आहात ना?"

सायलीने मराठीत सांगायच्या आधीच मला कळलं. मी खिडकीबाहेर मेंढ्या बघत राहिलो. दुपारी कागदात गुंडाळलेला तळलेला मासा खाल्ला. आमच्या बोंबलाची सर त्याला नाही. ते मात्र मी मोठ्याने बोललो.

महिन्याभराने घरी परतलो. जेटीवरून ती चढण चढताना मला धाप लागली. बायकोने विचारलं, "काय पाहिलंत?" मी म्हटलं, "समुद्र." हेवा त्यांच्या पैशाचा नव्हता, गाडीचाही नाही. ती म्हातारी दवाखान्यात पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नामदेवकडे गेलो. त्याचा मासळीचा टेम्पो पहाटेची फेरी झाली की दिवसभर उभाच असतो.

"चावी दे."

"काका, तुमचं वय काय!"

"लायसन चालू आहे माझं. बादली पण दे."

टेम्पो दोनदा धुतला, तरी वास गेला नाही. दारात आणून लावला. पाट ठेवला, हात पुढे केला. बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "यात?"

"यातच. दवाखान्याला जायला बोट गाठायचीय."

ती बसली. मी पहिला गियर टाकला.