पुस्तकांची भिशी आणि अहोंचा अभिप्राय

आमच्या कॉलनीत भिशी आहे, पण पुस्तकांची. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, प्रत्येकीने एक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं, म्हणजे नाव बघून कुणी नाक मुरडायला नको. मग चिठ्ठ्या टाकायच्या. जे वाट्याला येईल ते मुकाट्याने घरी न्यायचं, वाचायचं आणि पुढच्या भिशीत आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. बदलून मिळत नाही. ज्यांनी ही भिशी काढली त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. गोष्ट सांगत बसलेलं बाईंना चालत नाही. "कथा मला ठाऊक आहे, तुला काय वाटलं ते सांग," म्हणतात. आणि कुणी पानं गाळली असतील तर नेमका त्यातलाच प्रश्न विचारून पकडतात.

त्यामुळे आमच्याकडे एकेक अभिप्राय असा येतो की पुस्तक लिहिणाऱ्याने कानाला खडा लावावा. शेजारची भाभी घरी शिवणकाम करते. तिला एकदा यशस्वी कसं व्हावं याचं पुस्तक आलं. "ह्याला म्हणावं, पहाटे मीपण उठते, नळाला पाणी येतं ना! मग माझी तरक्की कुठं अडकली?" असं म्हणून तिने ते बाईंच्या पुढ्यात सरकवलं. सातपूरला नवऱ्याचं वर्कशॉप सांभाळणारी एकजण आहे, ती भुतांच्या गोष्टी वाचून म्हणाली, भीती काही वाटली नाही, पण त्या वाड्याची साफसफाई कोण करत असेल याचीच काळजी लागून राहिली. आम्ही हसून हसून बेजार. पूर्वी मीही अशीच तावातावाने बोलायचे. हल्ली नाही बोलवत.

आमच्या अहोंची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली. निवृत्त झाले, आता जरा फिरू म्हणाले, आणि पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात चालतो, पण तोही चादर चाचपण्यापलीकडे काही करत नव्हता. डॉक्टर म्हणाले, त्यांना किती समजतंय ते आज सांगता येणार नाही, पण तुम्ही बोलत राहा, कानावर काहीतरी पडू द्या. आता मी बोलणार काय? भाजी काय आणली, कामवाली का आली नाही, एवढं बोलून झालं की संपलं. म्हणून भिशीचं पुस्तकच त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचायला लागले. एका दगडात दोन पक्षी, म्हटलं.

तेव्हापासून माझ्या हातून पुस्तक वाचून होतं, पण मला ते पुस्तक कसं वाटलं हे विचारू नका. हिमालयातल्या प्रवासाचं वर्णन वाचलं ते त्यांची कूस बदलता बदलता. लेखक कुठल्याशा खिंडीत निळं आकाश बघून गहिवरला होता, आणि मी डायपर कुठे ठेवलाय ते शोधत होते. पाककृतींचं पुस्तक आलं, तेव्हा यांना खिमट भरवताना भरली वांगी वाचत होते, म्हणजे केवढा दुष्टपणा! रहस्यकथेतला खुनी सापडला तेव्हा मला डुलकी लागली होती. कविता जरा बऱ्या, लवकर संपतात. प्रत्येक पान संपलं की मी पुस्तकावरून यांच्या चेहऱ्याकडे बघायची. काही नाही. नजर भिंतीवर. मला कौतुक नको होतं, आभार तर नकोच. हा माणूस आत आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. असेल तर मी हा गाडा आणखी ओढेन, नसेल तर कुणासाठी घसा कोरडा करू?

मागच्या भिशीत माझी पाळी आली तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, "मला काही वाटलं नाही. आणि पुढच्या महिन्यापासून माझी चिठ्ठी टाकू नका." बाई एरवी कुणाला सोडत नाहीत, त्या दिवशी त्यांनी सरळ पुढचीला बोलायला सांगितलं. भाभीने मात्र माझ्या नावाची चिठ्ठी टाकलीच आणि पुस्तक माझ्या पिशवीत कोंबलं. "एक महिना अजून वाच. मग सोड," म्हणाली. वाद घालायचंही त्राण नव्हतं, घेऊन आले.

घरी येऊन वर्तमानपत्र सोडलं तर आत प्रेमकथा! कपाळावर हातच मारला. टीव्हीवर हिरो-हिरॉइन जरा जवळ आले की आमचे अहो चॅनल बदलायचे. मी अशी पुस्तकं वाचायला घेतली की "चाललं का बायकांचं रडगाणं?" म्हणून टोमणा ठरलेला. पण दुसरं पुस्तक आणायला उठणार कोण? वाचायला लागले. नायक दूरदेशी नोकरीला, नायिका इकडे, दोघांच्यात गैरसमज, सगळं यथासांग.

एका दुपारी वाचताना नायिकेने त्याला लिहिलेलं पत्र आलं. चांगलं चार-पाच पानी. आदल्या रात्री झोप नव्हती, पाठ धरलेली, त्यात ते प्राणप्रिय वगैरे. मी सरळ ती पानं उलटली आणि पुढच्या प्रकरणावर गेले. नायक आगगाडीतून उतरला, एवढं वाचलं असेल, तोच खाटेच्या लोखंडी कठड्यावर थाडकन आवाज झाला. बघते तर यांचा डावा हात.

"काय झालं? पाणी हवंय?" पाणी तोंडाशी नेलं, तोंड फिरवलं. चादर बघितली, कोरडी होती. उशी सारखी केली, पंखा कमी केला. काहीच नाही. असेल काहीतरी म्हणून पुन्हा वाचायला बसले, तर पुन्हा हात आपटला, आणखी जोरात. मग तो हात सरकत माझ्याकडे आला, पुस्तकावर पडला आणि पानं मागे ढकलायला लागला. जमत नव्हतं, पण सोडतही नव्हते. मी हळूच एकेक पान मागे घेत गेले. पत्र आलं तसा हात थांबला.

"अगं बाई! तुम्हाला हे ऐकायचंय?" मी जवळजवळ ओरडलेच. हसू की रडू समजेना. एवढा आनंद मला मुलगा झाला तेव्हाही झाला नसेल. "कळतंय तुम्हाला! सगळं कळतंय! मग इतके महिने हूं की चूं नाही? का असा जीव खाल्लात माझा?"

विचारलं आणि माझी मीच चरकले. थोरली बहीण विंचूरला असते, कांद्याचा व्यापार आहे त्यांचा. तिचा फोन आला की मी स्पीकरवर टाकून यांचं करता करता बोलते. तिला म्हटलं होतं, ताई, आता नाही गं होत माझ्याने, देवाने यांना सोडवावं आणि मलाही. एकदा नाही, कितीदा. "आसं नाय बोलू बाई, ते ऐकत आसतील," ती म्हणायची. आणि मी यांचं तोंड पुसत म्हणायची, ऐकू जातं गं, कळत नाही. हे सगळं त्यांच्या कानाशी.

"अहो," मी म्हटलं, "ताईशी बोलले ते... तेही कळलं का?"

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच ठेवले. उघडले तेव्हा पाणी होतं, पण झटक्यानंतर त्यांच्या डोळ्याला असंही पाणी येतं, त्यामुळे मी काय समजायचं? मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट पुस्तकावर टेकवलं. वाच, म्हणून. आधीही असेच, अवघड काही निघालं की विषय बदलायचे.

मी पत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून, एक शब्दही न गाळता. लग्नाला इतकी वर्षं झाली, असलं काही त्यांनी मला लिहिलं नव्हतं आणि मीही त्यांना. ते नजर न हलवता माझ्याकडे बघत होते. पत्र संपलं. खाली नायिकेचं नाव होतं, ते मी वाचलं नाही. त्याऐवजी त्याच आवाजात, पुस्तकाकडे बघतच म्हटलं, "मी फार दमलेय, पण मला तुमच्यापासून सुटका नकोय."

ही ओळ पुस्तकात नव्हती. त्यांनी ती ओळखली असणारच. पण या वेळी त्यांनी हात आपटला नाही.